रंगाला हात लावायचा नाही

गजेंद्रचा मोबाईल कानाशी लावला की काही ऐकू येत नसे. दुरुस्तीला टाकतो टाकतो म्हणत महिना गेला होता, आणि तोवर येईल तो फोन स्पीकरवर टाकून बोलायची त्याला सवय लागली होती. त्या रविवारी नागऱ्याला इंद्रकुमार काकांच्या अंगणात सगळं घर जेवायला बसलं. बुधवारी काकांच्या मुलीचं, नूतनचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा, त्याची तयारी करायला सगळे जमले होते. गजेंद्रची बायको मंजू पाटोडीचा रस्सा वाढत पंगतीच्या मध्यावर आली असेल नसेल, तोच त्याचा फोन वाजला.

"काचवाले बोल रहे हैं ना?" आवाज असा खणखणीत, की कुंपणाबाहेरची कोंबडी दचकली. "मी भैयाजी. नागरा रोडवरचं नवीन मंगल कार्यालय आहे ना, ते माझं. भाऊ, एक अर्जंट काम आहे. पूर्ण हॉलच्या खिडक्यांवर पेंटचे छिटे पडलेत. छिटे काय, बरसात झाली आहे बरसात! पेंटर कोण होता ते विचारूच नको. भिंती एक नंबर केल्या त्याने, पण काचांवर असा रंग उडवला, जसा काही होळी खेळून राहिला होता!"

पेंटर कोण होता हे कोणी विचारायची गरजच नव्हती. तो पंगतीत तिसरा बसला होता. इंद्रकुमार काकांचा घास तोंडाशी जाता जाता थांबला, आणि मिशीला लागलेला रस्सा तसाच राहिला.

गजेंद्रने डाव्या हाताने फोन दाबायचा प्रयत्न केला. भैयाजी काही दबले नाहीत. "बुधवारी हॉलचा पहिला कार्यक्रम आहे. मुलाकडचे लोक येतील, काय म्हणतील?"

पंगतीत पहिल्या पाटावर बसलेले शालीकराम, गजेंद्रचे वडील, मान वर न करता म्हणाले, "नाही म्हन त्याले."

"भैयाजी, आम्ही पेंट नाही काढत," गजेंद्र म्हणाला. "आम्ही फक्त काच पुसतो."

"अरे, मग पेंट काचेवरच आहे ना! भिंतीवरचा काढ म्हणून कोण सांगून राहिलं तुला?" भैयाजी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सांग. नाही तर नागपूरच्या पार्टीला बोलावतो. मग पुढची सारी सफाईपण त्यांचीच."

फोन बंद झाला. तेवढ्यात बिरसीच्या वैमानिक-शाळेतलं शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं. ते पार जाईपर्यंत बोललेलं कोणाला ऐकू आलं नसतं. ते गेल्यावर मंजूच्या सासूला, निर्मलाबाईंना हसू आवरेना.

"होळी म्हने!" त्या पदराने तोंड झाकत म्हणाल्या.

"हसून घ्या वहिनी," काका म्हणाले. "चौदा दिवस राबलो मी त्या हॉलवर. भाड्याच्या बदल्यात रंग, असं ठरलं होतं. नूतनचं साक्षगंध नागऱ्यात सगळ्यात मोठ्या हॉलमध्ये झालं पाह्यजे, म्हनून. अन् आता मले होळीचा सोंग्या म्हनून राहिला तो."

त्यांनी उष्ट्या हातानेच खिशातला फोन काढला आणि मुलाला लावला. "दुर्गेश, कुठं हायस? गोंदियात? तसाच हॉलवर जाय. थिनरचा डबा घे, तारेची घासनी घे. साऱ्या काचा घासून काढ. एक छिटा राह्यला नाही पाह्यजे."

तारेची घासणी हा शब्द ऐकला आणि मंजूच्या हातातलं भगोणं खाली टेकलं.

"काकाजी, घासनी नका सांगू. काच जाईल."

"तू रस्सा वाढ, सूनबाई."

मंजूने रस्सा वाढला. काकांच्या ताटात जरा जास्तच वाढला. मग पदराला हात पुसत ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, पण अख्खी पंगत बसलेली असताना मामाजींसमोर अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"मामाजी, हे काम आपन घेऊ."

शालीकरामांनी भात कालवणं थांबवलं नाही. "आपल्या घरी रंगाले हात लावत नाहीत. तुले माहीत नाही का?"

"माहीत हाय. पन आता कोनतीही नवीन बिल्डिंग झाली की पहिला प्रश्न तोच असते, पेंटचे डाग निघतील का? आपन नाही म्हनतो. मंग तो डाग काढनारा शोधते, अन् डाग काढनाराच पुढं काचाही पुसते. नवीन शोरूम तसंच गेलं. दवाखाना तसाच गेला. आपल्याकडे जुने दुकानदार तेवढे राह्यले, अन् तेही तुमच्याकडे पाहून."

"मंजू," गजेंद्र हळूच म्हणाला, "बाबा नाही म्हणून राहिले ना."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो लगेच भाताकडे पाहू लागला. रात्री खाटेवर पडल्या पडल्या 'तू म्हणते ते बरोबर आहे' असं म्हणणारा माणूस तो हाच, आणि वडिलांसमोर बसला की त्याचं हे असं व्हायचं.

"अन् काढनार कोन?" शालीकरामांनी विचारलं. "गजेंद्र? त्यानं कधी ब्लेड हाती घेतलं नाही. मी त्याले घेऊ देल्लं नाही."

"मी काढीन."

"तू?"

"मले येते."

आता मात्र भात कालवणारा हात थांबला. मंजूने एकदा सासूकडे पाहिलं. निर्मलाबाई पाण्याचा तांब्या उगाच पुसत होत्या.

"आपल्या गच्चीवर टाकीच्या मागं दोन काचा ठेवल्या हाय," मंजू म्हणाली. "भंगारवाल्याकडून आनल्या. एक साधी, एक टफन, म्हनजे भट्टीत तापवून पक्की केलेली. दोन महिने झाले, मी त्यांच्यावर रंग टाकतो अन् काढतो. ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट, प्रायमर. पहिल्या पहिल्यानं ओरखडे पडले. आता नाही पडत."

"अन् घरात कोनाले पत्ता नाही?"

"मले होता," निर्मलाबाई म्हणाल्या.

शालीकरामांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ती पंगतीत आत्ताच येऊन बसली होती.

"काऊन पाहता असे? तुमी दुपारी झोपता तवा मीच तं पानी टाकून देत होती तिले. पोरगी मन लावून करते. तुमच्यावानी कुरकुर करत नाही."

काका खुशीत आले. संकट आपल्यावरून थोरल्या भावावर सरकलं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. "घ्या! दादाच्याच घरात दादाचा नियम वाऱ्यावर!"

"तू गप बस, इंद्र," शालीकराम म्हणाले. "तो नियम झाला तो तुझ्याचपायी."

ही गोष्ट घरात प्रत्येकाला माहीत होती, पण जेवताना ती कोणी काढत नसे. बावीस वर्षांपूर्वी तिरोड्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्याला इंद्रकुमारांनी रंग दिला होता, आणि काचा पुसायला शालीकराम गेले होते. काचेवर रंगाचे थेंब होते. धाकट्या भावाचं काम झाकावं म्हणून शालीकरामांनी ते खरवडले, आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा उठल्या. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते दोघे भाऊच, तेही डॉक्टरांसमोर. तू थेंब पाडले म्हणून. तू खरवडलं म्हणून. मग दोन वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी नूतनची आई दोन वर्षांच्या नूतनला कडेवर घेऊन शालीकरामांच्या दारात आली आणि म्हणाली, भाऊजी, तुम्ही काच पुसा, हे भिंती रंगवतील, एकमेकांच्या कामात हात घालू नका, पण माझ्या लेकीला तिचा मोठाबाबा परत द्या. शालीकरामांनी शब्द दिला. ती जाऊन आता सहा वर्षं झाली होती. शब्द होता तिथेच होता.

"तिले शब्द देल्ला हाय मी," शालीकराम म्हणाले. यावेळी आवाज खाली होता. "तिच्याच पोरीच्या साक्षगंधाले तो मोडू का?"

मंजू भगोणं उचलायला वाकली. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून नूतन बाहेर आली. हातात पोळ्यांची टोपली. आपल्याच कार्यक्रमाची चर्चा म्हणून ती इतका वेळ आत थांबली होती.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "आईनं कायचा शब्द घेतला होता?"

"तुले माहीत हाय, बाई."

"मला तिनं सांगितलेलं मला माहीत आहे. ती म्हणायची, मी त्या दोघांना भांडू नका म्हणून सांगून आले." नूतनने एक पोळी त्यांच्या ताटात ठेवली. "रंग काढू नका असं नाही. आणि आता तुम्ही दोघं रंग नाही काढला म्हणून भांडून राहिले."

निर्मलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. काकांनी मिशीचा रस्सा पुसला. शालीकरामांनी पोळी मोडली, पण तोंडात घातली नाही.

"घासनी घेऊन दुर्गेश पोचला असन का?" त्यांनी एकदम विचारलं.

"पोचला असन," फोन लावून पाहत काका म्हणाले. "फोन उचलून नाही राह्यला. पोरगं कामाले चपळ हाय."

"मंग उठा ना बे!"

*

गजेंद्रच्या गाडीवर मागे मंजू बसली, मांडीवर बादली, बादलीत वायपर, फडकी, साबण आणि नव्या ब्लेडची पाकिटं. हे सामान ती सकाळीच पिशवीत घालून नागऱ्याला घेऊन आली होती. काकांनी रंगवलेल्या हॉलच्या काचांवर थेंब असणारच, हा तिचा अंदाज होता; का आणलं, हे नवऱ्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मागून काकांची स्कूटर येत होती. स्कूटरवर दोघे भाऊ होते. काका सरळ रस्त्याकडे पाहत होते आणि शालीकराम सरळ शेताकडे. कापून झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पाहत होते.

हॉलच्या पायरीवर दुर्गेश शर्टाच्या बाह्या वर करून उभा होता, घामाघूम आणि खूश.

"पाहा बाबा, एक काच झाली! एक छिटा नाही!"

छिटा खरंच नव्हता. पण काकांनी मान जरा तिरपी केली, उन्हाची तिरीप काचेवर पडली, आणि खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी जागा धुरकट दिसू लागली. जवळ गेल्यावर धूर नाहीसा झाला आणि रेघा दिसल्या. बारीक, गोल गोल, एकात एक.

काकांनी मुलाच्या हातून घासणी काढून घेतली. रागावले नाहीत. मंजूला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी ती घासणी नुसतीच स्वतःच्या खिशात टाकली, जशी कोणी लहान पोराची चूक आपल्या खिशात टाकावी.

आतून भैयाजी आले. पांढरा कुडता, गळ्यात चष्मा, हातात चहाचा कप. गजेंद्रला पाहून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी काकांना पाहिलं, शालीकरामांना पाहिलं, पुन्हा गजेंद्रला पाहिलं. तिघांचं नाक एकच होतं.

"एक मिनिट. तुम्ही एकाच घरचे का?"

"मी काका हाय त्याचा," काका म्हणाले.

"वा रे वा!" भैयाजींनी कप कठड्यावर ठेवला. "एक जण उडवतो, दुसरा काढतो! दोनदा काम, एकाच घरात! धंदा तर जोरात आहे तुमचा!"

ते हसतच म्हणाले होते. पण शालीकरामांचा चेहरा उतरला, आणि मंजूला कळलं की बावीस वर्षं त्या माणसाला ओरखड्याइतकीच याचीही भीती होती. लोक असं म्हणतील याची. तिचेही कान तापले. पण बोलून काही उपयोग नव्हता. तिने बादलीत पाणी घेतलं.

बाजूच्या खिडक्यांच्या काचा साध्या होत्या. तिने पहिल्या खिडकीला साबणाचं पाणी लावलं आणि तशीच भिजू दिली. भैयाजी दोनदा घड्याळ पाहून गेले, तरी ती उभीच. मग नवं ब्लेड दांडीत बसवलं, काचेला जवळजवळ आडवं टेकवलं आणि एकाच दिशेने पुढे नेलं. मागे ओढलं नाही. उचललं, पुसलं, पुन्हा पुढे. रंगाचे थेंब भिजलेल्या पापुद्र्यासारखे उठून ब्लेडवर गोळा झाले. शेवटी तिने वायपरचा एक लांब हात मारला, आणि काचेतून पलीकडचं आवळ्याचं झाड असं दिसू लागलं, जसं काही मध्ये काचच नाही.

"अरे वा," भैयाजी म्हणाले. "बहनजी तर उस्ताद निघाल्या."

"तुझी बायको शिकली कधी हे?" काकांनी गजेंद्रला विचारलं.

"गच्चीवर," गजेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज ऐकून मंजूने वळून पाहिलं. माणूस चक्क छाती काढून उभा होता.

तासाभरात बाजूच्या सहा खिडक्या झाल्या. गजेंद्र पाणी लावत होता, ती काढत होती, दुर्गेश पुसत होता. शालीकराम कठड्यावर बसून होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही आणि एकदाही मान हलवली नाही.

मग समोरच्या पाच मोठ्या काचा आल्या. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथेच जाणार. कोपऱ्यात शिक्का होता, म्हणजे टफन काच. मंजूने सगळ्यात खाली, चौकटीच्या आडोशाला, बोटभर जागा भिजवली, आणि ब्लेड टेकवून अगदी थोडं पुढे नेलं. किर्र असा आवाज आला. केसाएवढा.

तिने ब्लेड उचललं. दुसऱ्या काचेवर तसंच केलं. पुन्हा किर्र.

"काय झालं?" भैयाजींनी विचारलं.

"या पाच काचांवर ब्लेड नाही चालनार, भैयाजी."

"काऊन? तिकडे तर लोण्यासारखं चाललं."

"भट्टीत तापवताना कधी कधी काचेले बारीक कन चिकटून राहतात. हाताले लागत नाहीत. ब्लेडखाली आले की तोच कन काचभर ओढला जाते अन् रेघ पडते. आता ऐकला ना आवाज?"

"मला तर नाही ऐकू आला."

"मले आला."

भैयाजींचा सूर बदलला. "अहो, एखादी लकीर पडली तर पडली. मी मालक आहे, मी म्हणतो ना. चालवा. बुधवारी कार्यक्रम आहे."

"आज तुमी पडली तं पडली म्हनता. बुधवारी पाहुने आले अन् ऊन पडलं, की तुमीच म्हनाल, काचवाल्यानं काच खराब केली. म्हनायलेच पाह्यजे तुमी. मी ब्लेड नाही लावत."

"मग नागपूरच्या पार्टीला बोलावू का?"

काम मंजूच्या हातचं चाललं होतं, तेही सासऱ्यांसमोर, ज्यांनी नको म्हटलेलं काम तिने ओढून घेतलं होतं. तिने ओल्या हातातलं ब्लेड कागदात गुंडाळलं.

"बोलवा. पन त्यालेही सांगा, खाली कन हाय. नाही तं तोही काच खराब करन."

गजेंद्र पुढे आला. वडील कठड्यावर बसलेले होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मंजू म्हणते तसंच होईल, भैयाजी. ब्लेड नाही लागणार."

मागे काहीतरी हललं. शालीकराम कठड्यावरून उतरले होते. त्यांनी चपला बाजूला काढल्या, धोतराचा काष्टा खोचला आणि बादलीजवळ उकिडवे बसले.

"दुर्गेश," ते म्हणाले, "आतल्या आचाऱ्याकडून गरम पानी आन. चांगलं कढत. अन् जुने सुती फडके मिळतील तेवढे." मग सुनेकडे वळले. "ब्लेडबिगर कसं काढतात? भिजवून?"

"हो जी. कढत पान्याचं फडकं चिकटवून ठेवायचं. मऊ झालं की प्लास्टिकच्या कार्डानं हळूहळू. ऑइल पेंट असन तं कापसावर थिनर, एका एका थेंबाले."

"वेळ लागन."

"उद्याची संध्याकाळ होईल."

"होऊ दे." त्यांनी पहिलं फडकं पिळलं आणि काचेवर तळहाताने दाबलं. "मले वाटे, हिले ब्लेड चालवता येते म्हनून ही काम घेऊन राह्यली. हिले तं थांबवताही येते."

ते कोणाला उद्देशून म्हणाले, हे स्पष्ट नव्हतं. भैयाजींना वाटलं आपल्याला. काकांना वाटलं आपल्याला. मंजूने चेहरा बादलीकडे वळवला, कारण डोळ्यांत आलेलं पाणी साबणाचं म्हणून खपण्यासारखं नव्हतं.

फडकं लावून झाल्यावर शालीकराम उठले आणि भैयाजींचा हात धरून त्यांना बाहेर पायरीवर घेऊन गेले. भैयाजींना काहीच कळेना. शालीकरामांनी त्यांना वाकवून दुर्गेशने घासलेला कोपरा उन्हात दाखवला. भैयाजींच्या नजरेला तो अजून पडलाच नव्हता.

"ही काच आमच्या पोराकडून खराब झाली. तुमी पाह्यली नव्हती, म्हनून दाखवून राह्यलो."

"ही काच मी बदलून देतो," काका मागून म्हणाले.

"आपन देतो," शालीकराम म्हणाले.

काकांनी भावाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, खिशातली घासणी चाचपली. "दादा," ते म्हणाले, "त्या डॉक्टरच्या वेळेसही रंग देताना काचांवर पेपर लावला नव्हता मी. घाई होती मले. तुले कधी म्हटलं नाही."

"मले माहीत होतं."

"मंग बोलला काऊन नाही?"

"बोललो तं होतो! दवाखानाभर बोललो! दोन वर्षं त्याचंच तं होतं!"

आणि दोघेही हसू लागले. आधी काका, मग शालीकराम, मग कारण कळलं नाही तरी भैयाजी. हसता हसता भैयाजी म्हणाले की उद्या दुपारी सगळ्यांचं जेवण हॉलवरच, आणि ते मघाचं एक उडवतो एक काढतो म्हटलेलं, ते तसं काही मनात घेऊ नका.

*

साक्षगंधाला हॉल भरून गेला. निर्मलाबाईंनी नूतनला स्वतःच्या हाताने साडी नेसवली आणि तिच्या आईच्या फोटोसमोर नेऊन उभी केली. मग मुलाकडच्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, फोटो निघाले. समोरच्या पाच काचांतून सकाळचं ऊन सरळ आत येत होतं, आणि ज्यांनी त्या काचा दोन दिवस भिजवल्या ते सगळे दर थोड्या वेळाने एकदा तिकडे पाहून घेत होते.

जेवणं आटोपल्यावर नवऱ्या मुलाचे वडील हेमराजजी शालीकरामांपाशी येऊन बसले. अर्जुनीकडचा माणूस, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर दोन पिकं घेणारा, बोलायला मोकळा.

"भैयाजी सांगून राहिले होते तुमच्या कामाचं," ते म्हणाले. "आमचंही एक काम होतं. मागच्या वर्षी घर नवीन बांधलं. खिडक्या मोठ्या ठेवल्या, कालवा दिसावा म्हनून. पन काचांवर रंगाचे असे थेंब उडाले, की कालवा बी ठिपक्या ठिपक्याचा दिसते. निघन का तो रंग?"

मंजू पानाचं तबक घेऊन जवळच उभी होती. बावीस वर्षांत या प्रश्नाला शालीकरामांनी एकच उत्तर दिलं होतं.

"मले नका विचारू," शालीकराम म्हणाले. "ते आमची सून पाहते. तिले विचारा."

गजेंद्रने तिच्या हातातलं तबक घेतलं.

"आधी काच पाहावी लागन, हेमराजजी," मंजू म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज स्थिर निघाला. "एका कोपऱ्यात करून पाहू. जमते असं वाटलं तं काढू. नाही वाटलं तं तसं सांगू. अन् हो, रंग कोनता हाय? कोनी मारला?"

हेमराजजी चकित झाले. "कोनी म्हनजे? इंद्रकुमारजींनी! दोन महिने घरी येत होते, तिथंच तं लेकीच्या लग्नाचं बोलनं निघालं. तुमाले सांगितलं नाही का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. इंद्रकुमार काका एक अख्खा लाडू तोंडात घालून हॉलचं छत मन लावून पाहत होते. छत त्यांनी खरोखरच सुंदर रंगवलं होतं.

पहिल्यांदा हसल्या त्या निर्मलाबाई. मग शालीकराम इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि दुर्गेश पाणी आणायला धावला. हेमराजजींना काय झालं ते कळेना, पण व्याही हसतात तर आपणही हसावं म्हणून तेही हसू लागले.

त्या गोंधळात नूतन पाटावरून उठून आली. नव्या नवरीने असं उठू नये, असं मागून कोणी तरी म्हणालंही. तिने मंजूचा हात धरला.

"वहिनी, लग्नाच्या आधी जाऊन ये," ती म्हणाली. "मला तिथं राहायचं आहे. खिडकीतून कालवा नीट दिसला पाहिजे."

"येतो," मंजू म्हणाली. "सोमवारीच येतो."